नारिंगी वायर आणि मी, धाकटी बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे. मित्रांनो, जुनी म्हणजे निकामी नव्हे. हे आत्ताच सांगते, पुढे कुणी विचारणार नाही.

मोटारीत थोरली बॅटरी इंजिन सुरू करते आणि नाव कमावते. मी धाकटी. काही गाड्या उभ्या राहिल्या की इंजिन आपोआप बंद होतं आणि ब्रेकवरचा पाय उचलला की पुन्हा सुरू. मधल्या वेळात दिवे, रेडिओ बंद पडू न देणं, हे माझं काम.

कॅनडात, मॅनिटोबातल्या डॉफिन गावी मी ऑरेस्ट ह्नाट्युक यांच्या गाडीत होते. ऑरेस्टना कमी ऐकू येतं. इंजिन चालू असलं तर बायकोचं, डोरीनबाईंचं, बोलणं मुळीच ऐकू येत नाही, आणि घरी टीव्ही असतो. त्यामुळे त्यांचा संसार मुख्यतः रेल्वे फाटकात चालायचा. गव्हाची मालगाडी संपता संपायची नाही. इंजिन थांबायचं, आणि डोरीनबाई साठलेलं सगळं बोलून घ्यायच्या: मुलीचा फोन, आपला गुडघा, चर्चमधल्या पेरोगीतला, म्हणजे उकडलेल्या करंज्यांतला, कच्चा कांदा. एकदा ऑरेस्ट डॅशबोर्डवर हात फिरवत म्हणाले, "या गाडीनं मला बायको परत दिली." त्यात माझाही वाटा आहे, असं मी धरून चालले. चूक तिथेच झाली.

हिवाळ्यात आम्हाला सुट्टी असते. तशा थंडीत गाडी आपणहून इंजिन थांबवत नाही. उलट रात्रभर त्याला विजेच्या हीटरने ऊब देतात, नाहीतर सकाळी ते सुरूच होत नाही. त्या हीटरची वायर बॉनेटखालून बाहेर लोंबत असते. यंदा ऑरेस्टनी तिला एक जाडजूड नारिंगी एक्स्टेन्शन जोडलं, हातमोजे न काढता लावता यावं म्हणून. बर्फ वितळलं तरी ते तसंच. आमच्या गल्लीत मे महिन्याआधी वायर आत घेणाऱ्याच्या माथी पुढच्या बर्फाचं पाप येतं.

ऊन आलं, पण फाटकात इंजिन थांबेना. डॅशबोर्डवर बिघाडाचा पिवळा दिवा लागला. डोरीनबाई दोन-तीनदा ओरडून बोलल्या, मग खिडकीबाहेर बघू लागल्या.

खरी गोष्ट अशी, की त्या एक्स्टेन्शनचं जाड टोक बॉनेटच्या कुलपात अडकत होतं. झाकण बसल्यासारखं दिसे, बसत नसे. आणि बॉनेट उघडं असलं की गाडी इंजिन आपोआप बंद-चालू करत नाही. न जाणो, कुणाचा हात आत असायचा. कुलपातला खटका बिचारा "उघडं आहे" म्हणून सांगत होता. पण सगळ्या तक्रारींना दिवा एकच.

मग डोरीनबाईंचा भाऊ वासिल आला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "धाकटी गेली, दाजी. या अशाच जातात, न सांगता."

"मोजून बघू या का?" ऑरेस्टनी विचारलं.

"मेलेल्याची नाडी काय बघता?"

मी पूर्ण भरलेली होते, मित्रांनो. पण मला वीज देता येते, साक्ष देता येत नाही. त्यांनी मला उचकटून काढलं, नवी बसवली आणि ती नारिंगी वायर उचलून पुन्हा जिथल्या तिथे नीट ठेवली. दिवा तसाच राहिला. वासिल म्हणाला, हल्ली नवा मालही असाच येतो. मी गॅरेजच्या फळीवर बसून ऐकलं.

मे उजाडला. ऑरेस्टनी एक्स्टेन्शन काढलं आणि बॉनेट आदळलं. असा आवाज कित्येक महिन्यांत झाला नव्हता. त्या रविवारी फाटकात इंजिन पुन्हा थांबलं, आणि दोघं हसत परत आले. डोरीनबाईंचं बोलणं गॅरेजातही चालूच होतं. मध्येच त्यांची नजर त्या नारिंगी वायरवर गेली.

"म्हणजे ती वायरच अडकत होती. मग धाकटी चांगलीच होती की रे."

ऑरेस्टनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं. इंजिन बंद होतं.

"हो," ते म्हणाले. "पण आता नवी बसवलीय ना."

मित्रांनो, कुणाला मोडीत काढण्याआधी निदान झाकण बसलंय का ते बघा. आणि ज्याला निर्दोष ठरवाल, त्याला फळीवरून खालीही घ्या.

जाताना ऑरेस्टनी ते नारिंगी एक्स्टेन्शन फडक्याने पुसलं, प्रेमाने वेटोळं केलं आणि माझ्या शेजारी ठेवलं. थंडी पडली की त्याला न्यायला येणार आहेत.