सेवेरिनचं नाव

वूच शहरात बोगुमिल द्रेविचला चेहऱ्याने फार थोडे लोक ओळखत. आवाजाने मात्र सगळेच. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की रेडिओवर त्याचं भाष्य लागायचं. ते चुकू नये म्हणून गिरणीतल्या बाया भराभर पावलं उचलत घर गाठायच्या. त्याचा जिवलग सेवेरिन शेजारच्याच टेबलाला बसायचा. एकाने लिहायचं, दुसऱ्याने त्यातली विशेषणं छाटायची.

मग एका डिसेंबरात लष्कराने कारभार हातात घेतला. माइकसमोर बसायचं तर ते देतील तेच वाचायचं. बोगुमिलने नकार दिला. सेवेरिन बसला.

"तुला पोर ना बाळ," जिन्यात सेवेरिन म्हणाला. "तुला परवडतं रे."

"परवडतं म्हणून करतोय होय मी?" बोगुमिल म्हणाला. तिथून दोघांचं बोलणं तुटलं.

बोगुमिल टॅक्सी चालवू लागला. कुठे जायचं विचारलं की मागचं गिऱ्हाईक दचकायचं. "द्रेविच ना हो तुम्ही?" कुणी हळूच खांद्यावर हात ठेवायचं, तर कुणी घाबरून पुढच्याच चौकात उतरायचं. शेवटी त्याने मानेनेच हो-नाही करायची सवय लावून घेतली. बायकोही त्याच काळात आजारी पडून गेली. घरात बोलायला कुणी उरलं नाही.

सरकार बदललं, तसं रेडिओने त्याला मानाने परत बोलावलं. पहिलंच भाष्य त्याने त्या काळात माइकसमोर बसलेल्यांवर केलं आणि त्यात सेवेरिनचं नाव घेतलं. आधी नाव गाळून लिहून पाहिलं होतं. पण तो पळपुटेपणा वाटला.

शहर खूश झालं. पाववाली बाई म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी बोललं एकदाचं." थोड्याच दिवसांत सेवेरिन नोकरी सोडून घरी बसला.

नाताळच्या आदल्या दुपारी बोगुमिल खसखशीचा केक घेऊन त्याच्या दारी गेला. सेवेरिनच्या बायकोने, रेगिनाने, दार उघडलं. पण साखळी काढली नाही.

"खोटं बोललो का मी, वहिनी?"

"नाही हो भाऊजी. खरंच होतं सगळं. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला रेडिओ बंद करू दिला नाही."

"काही म्हणाला?"

"म्हणाले, माझ्या नावाआधी श्वास घेतला त्याने. घ्यायला नको होता, जोर जातो."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बोगुमिल थांबला. कुणी आलं नाही. केक फटीतून आत जाईना.

"ठेवा तिथेच," रेगिना म्हणाली. "घेते मी नंतर."

पुढे कितीतरी वर्षं त्याने भाष्य केलं. ते नाव घेतल्याचा पश्चात्ताप त्याला कधी झाला नाही. स्टुडिओबाहेर आला की तिथली नवी माणसं म्हणायची, "छान झालं, सर." रोजच छान व्हायचं. तो मान हलवायचा, कोट चढवायचा आणि घरी जायचा.