साहेबांच्या पोटासाठी भट्टी

प्रयोगशाळेतले हीटर बंद पडले आणि वाळवंटी बेडकांची आम्ही घरोघरी वाटणी केली. माझ्या वाट्याला सगळ्यांत सुस्त बेडूक आला. डोळ्यांपर्यंत वाळूत पुरून बसायचा, म्हणून आम्ही त्याला 'साहेब' म्हणायचो. त्याची पेटी घरी ठेवून मी ऊब देणारा दिवा आणायला निघाले. जाताना बाबांना बजावलं, "काही खायला घालू नका हं."

हे त्यांना सांगणं फुकटच होतं. जन्मभर पाव भाजून लोकांना खाऊ घालणारा माणूस. आई गेल्यापासून घराखालच्या बेकरीतली भट्टी थंड होती, स्वतःही दोन घास चिवडून उठायचे. पण दुसऱ्याचं उपाशी तोंड बघवायचं नाही.

दिवा मिळाला नाही. परतले तर साहेबांचं पोट टम्म आणि त्याच्या खाऊच्या किड्यांचा डबा रिकामा.

"अगं, कसा मटामटा गिळत होता!" बाबा खूश.

मी कपाळावर हात मारला. "गाडीतून आणला तेव्हाची ऊब अंगात होती, म्हणून गिळलं त्यानं. ही खोली गार आहे. अंग गार पडलं की त्याचं पचन थांबतं. पोटातलं सडेल, बाबा. मरेल तो."

बाबांचा चेहरा पडला. पेटी उचलून ते जिना उतरले आणि त्यांनी भट्टी पेटवली.

"एकदम नको, हळूहळू," मी म्हणाले.

पीठ फुगवायच्या छोट्या खोलीत, आई मळलेले गोळे फडक्याखाली झाकायची त्या फळीवर, साहेब विराजमान झाले. भिंती तापल्या तसा जुन्या पिठाचा आंबूस वास सुटला. दिवस कुठे संपला, कुठे उजाडलं, कळेना. डोळा लागला की पलीकडे आई फळ्या पुसतेय असं वाटायचं आणि उठावंसं वाटायचं नाही. बाबा पेंगत पुटपुटायचे, बेडकाशी की आईशी, देव जाणे. साहेबांचा गळा हलत होता, तेवढंच काय ते खरं.

मग एका सकाळी बाबांची आरोळी आली. "शी केली! साहेबांनी शी केली!"

वाळूवर काळपट गोळी होती. पोट उतरलं होतं. मी हसता हसता रडले.

"चला वर, चहा टाकते."

बाबा हलले नाहीत. मोठी परात पुसत म्हणाले, "चहा नंतर. आधी पीठ आण. माझ्या पोटात कावळे ओरडताहेत."