टाकीवरचा भगभगीत दिवा

“काका, माशांची रात्र कधी होते?”

मित्रांनो, आमच्या ताईने रंगीत माशांच्या दुकानात हा प्रश्न विचारला, तेव्हा मी तिच्या कापडी पिशवीत होतो. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं तिच्या दोन मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, आणि आता दोघी तोंड दाबून हसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही. हाच प्रश्न मी वर्षभर मनातल्या मनात ओरडून विचारत होतो.

मी एक जुना पांढरा दिवा, हातभर लांब. कारखान्यात मला घडवलं ते दुकानांच्या काचेसाठी. चपलांच्या एका दुकानात मी सहा वर्षं काढली. माझ्या उजेडात साधी वहाणही अशी झळकायची की रस्त्यावरची माणसं थबकायची. मग ते दुकान हललं आणि मालकांनी मला आपल्या मित्राला, म्हणजे ताईच्या बाबांना, देऊन टाकलं. बाबांनी मला थेट माशांच्या टाकीवर बसवलं. टाकी केवढी? कवेत मावेल एवढी! आत चार मासे. त्यातला नारिंगी, गोलमटोल, खाणं पडताच सगळ्यांच्या पुढे घुसणारा, त्याला घरात शेठ म्हणत.

पहिला आठवडा कौतुकात गेला. मग काचेवर शेवाळ धरलं, पाणी हिरवट दिसू लागलं. आई दर रविवारी बाह्या सरसावून काच घासायची, बुधवारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. बाबांनी निदान केलं, उजेड कमी पडतोय. झालं! सकाळी सहाला लावलेला मी सगळे झोपायला जाईपर्यंत जळू लागलो. जेवढा मी जळायचो तेवढं शेवाळ माजायचं, आणि जेवढं ते माजायचं तेवढं मला आणखी जाळायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर इथे चोरही मी आणि संन्यासीही मीच.

शेठ दगडामागे जाऊन बसला. तीन दिवस तो खायला वर आला नाही. त्याला अंधार हवा होता आणि माझ्याकडे उजेडाशिवाय देण्यासारखं काही नव्हतं. दिव्याला स्वतःचं बटण दाबता येत नाही, मित्रांनो. याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही. शेवटी “म्हातारा झाला हा” म्हणत बाबांनी मला उतरवलं, नमुना म्हणून ताईच्या पिशवीत घातलं आणि दुप्पट उजेडाचा दिवा आणायला तिला पाठवलं.

दुकानदारकाका हसले नाहीत. हातातली जाळी बाजूला ठेवून ते म्हणाले, “माशांची रात्र घरातली माणसं करतात, पोरी. त्यांनी नाही केली, तर ती होत नाही.”

मग त्यांनी खोदून खोदून विचारलं, टाकी केवढी, आत झाडं किती, दिवा किती तास. सोळा तास ऐकल्यावर त्यांनी मला लावून पाहिलं आणि पटकन डोळ्यांवर हात धरला. माझा उजेड कमी नव्हताच, हवा त्याच्या चौपट होता! त्याच्यावरच तर शेवाळ पोसलं जात होतं. एवढ्याशा टाकीला छोटा, सौम्य दिवा पुरे, तोही सात-आठ तास. शिवाय सावलीला दोन झाडं. मैत्रिणींचं हसू केव्हाच विरलं होतं.

माझ्यावरचा आळ गेला, पण राग गेला नाही. वर्षभरात एकालाही विचारावंसं वाटू नये? मित्रांनो, दिवा निवडताना तुम्हाला किती लख्ख दिसतं ते बघू नका. तो ज्यांच्या डोक्यावर जळणार आहे त्यांना पापण्या नसतात, एवढं लक्षात ठेवा.

घरी आई-बाबा टाकीपाशीच उभे होते. मी पिशवीतून ऐकत होतो.

“मोठा दिवा आणला नाही, आणणारही नाही,” ताई म्हणाली. “मला शेठला जगवायचंय. हा छोटा दुपारी दोनला लागेल, रात्री नऊला बंद होईल. बटणाला हात फक्त माझा.”

“आणि कुणी मासे बघायला आलं तर?” बाबांनी विचारलं.

“मग त्यांनी माशांच्या वेळेला यायचं. आणि बाबा, तुम्हीसुद्धा.”