कातेत अडकलेली कोळंबी

धाकटीला ताईच्या सासरी सगळे चिडवून 'शास्त्रीणबाई' म्हणायचे, आणि तिला ते मनातून आवडायचं. का नाही आवडणार? तळ्यातल्या माशांना चिकटून रक्त पिणाऱ्या उवांवर औषध शोधण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. ही ऊ वाढताना जुनी कात टाकते आणि नवं कवच तयार करते. ते कवच घडवणारं एक एन्झाइम असतं. तेवढं अडवलं, की ऊ कातेतच अडकून मरते. माशाला कवचच नाही, त्यामुळे त्याचं काही बिघडत नाही. कातेतून अर्धीच बाहेर आलेली पहिली मेलेली ऊ सूक्ष्मदर्शकाखाली दिसली, तेव्हा बाई प्रयोगशाळेत एकटीच नाचली होती.

मग ताईच्याच तळ्यात उवा झाल्या. मासे दगडांना अंग घासून रक्तबंबाळ व्हायला लागले. ताई फोनवर रडली. औषधाला अजून परवानगी नव्हती, पण रडणाऱ्या बहिणीपुढे परवानगी कसली! शास्त्रीणबाई रजा काढून, बाटली घेऊन हजर. औषध थेट तळ्यात ओतलं. थोड्याच दिवसांत मासे ठणठणीत. ताईला तर बहिणीला कुठे ठेवू अन् कुठे नको असं झालं; रजा संपेपर्यंत तिने तिला ठेवूनच घेतलं.

आता ताईच्या तळ्याचं पाणी पाटाने खाली जायचं, ते एकाच घरात राहणाऱ्या तिच्या जावेच्या तळ्यात. तिथे होती कोळंबी. आणि कोळंबी म्हणजे या उवेची चुलत बहीणच की हो! तिलाही कवच, तिलाही कात, तिच्याही अंगात तेच एन्झाइम. हे धाकटीला ठाऊक नव्हतं थोडंच! पण इतकी वर्षं तिने एकच प्रश्न विचारला होता, मासा जगतो ना? पाणी पुढे कुठे जातं, हे विचारायचं राहूनच गेलं.

जावेची कोळंबी मेली. धाकटीने काठावर वाकून एक उचलली. अर्धी कातेत, अर्धी बाहेर. ती बोलणार, तेवढ्यात जाऊच म्हणाली, "माझंच चुकलं गं. नवं खाद्य घातलं मी. सासूबाई नको नको म्हणत होत्या."

धाकटीने उघडलेलं तोंड मिटलं.

मग घरात जाच सुरू झाला. सासूबाई येता-जाता टोमणे मारायच्या, "आम्हाला काय कळतंय! नव्याची हौस ना, भोगा आता." जाऊ जेवताना मान वर करेना. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललेली, आणि चोर शेजारच्या पाटावर बसून आमटी भुरकतोय! आज सांगू, असं धाकटी रोज ठरवायची. मग तिला ती बाटली आठवायची, नोकरी आठवायची, ताईचं कौतुक आठवायचं. लाज वाटायची, पण जीभ काही हलायची नाही.

एक दिवस जेवताना जाऊ म्हणाली, "तळं मी सोडते. माझ्या हाताला यश नाही."

आता मात्र धाकटीला राहवेना. "वहिनी, खाद्याचा काही दोष नाही. माझं औषध पाटाने तुमच्या तळ्यात गेलं. त्याने मेली कोळंबी."

"काय बोलतेस तू!" ताई ओरडली.

जाऊ मात्र हसली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि बाई हसतेय. "म्हणजे माझं नव्हतं चुकलं? खरंच नव्हतं?"

"नाही वहिनी."

"तुला कधी कळलं गं?"

आजच कळलं म्हणाली असती, तर निभावलं असतं. "त्याच दिवशी," धाकटी म्हणाली. "कोळंबी हातात घेतली तेव्हाच."

जावेचं हसू मावळलं. तिने पदराने तोंड पुसलं. "कोळंबी चुकून मेली, समजू शकते मी. माणूस चुकतं. पण रोज माझ्यासमोर जेवायला बसायचीस, ते काय चुकून?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई ताटाकडे बघत होती.