सिमाकच्या हातची ओळ

मी उंटाच्या खांद्याचं हाड बोलतोय. हळूच बोलतो. घाई करून आता मला कुठे जायचंय?

ज्या उंटिणीचा मी खांदा होतो, ती मदिनेतल्या सिमाकची. म्हातारी होऊन ती बसली ती उठेना. तेव्हा त्याने मांस शेजारपाजारी वाटलं आणि मला राखेने घासून उन्हात ठेवलं. मी पांढराशुभ्र झालो. पैगंबरांच्या तोंडून आलेल्या कुराणाच्या ओळी तेव्हा लोक माझ्यासारख्या हाडांवर, खजुराच्या देठांवर, कातड्यावर उतरवून घेत. सिमाकने काजळीच्या शाईने माझ्यावर एक लांब ओळ लिहिली. ओल्या शाईचा तो गारवा अजून अंगावर असल्यासारखा वाटतो.

मग रोज दुपारी तो मला मांडीवर घेऊन ती ओळ म्हणायचा. समोर त्याची बायको अरवा जव दळत बसायची. तिला अक्षर येत नव्हतं. जात्याची घरघर, त्याचा आवाज, उन्हाच्या तिरिपेत उडणारं पीठ. मी त्यात तरंगत राहायचो.

पुढे पैगंबर गेले. थोड्याच दिवसांत यमामाची लढाई झाली. ओळी तोंडपाठ असलेले कितीतरी जण तिथे पडले. सिमाकही पडला. उरलेलं विरून जाऊ नये म्हणून, लिहिलेलं सगळं गोळा करायचं ठरलं. नेम मात्र कडक होता. पैगंबरांसमोर ते वाचलं गेल्याचे दोन साक्षीदार हवेत.

अरवा मला ओढणीत गुंडाळून मशिदीच्या दारी, ओळी गोळा करणाऱ्या लेखनिकाकडे गेली. साक्षीला सोबत आलेला म्हातारा उंटवाला नुमैर म्हणाला, "मी होतो तिथे. माझ्यादेखत सिमाकने वाचून दाखवलं."

"दुसरा कोण?" लेखनिकाने विचारलं.

दुसरा साक्षीदार यमामाच्या लढाईतच पडला होता.

"ताई, ओळ इतरांकडूनही आलीय, ती राहील. हे हाड मात्र बाजूला ठेवावं लागेल."

"म्हणजे त्यांनी लिहिलं ते खोटं?"

"खोटं नाही हो. साक्ष अपुरी."

"मग मी आहे की! मी मागे उभी होते त्या दिवशी."

"बरं, म्हणून दाखवा."

अरवाने तोंड उघडलं आणि दुसऱ्याच शब्दाला अडली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडली. तिने मला लेखनिकापुढे ठेवलं.

नुमैर खेकसला, "अरे, रिकाम्या हातांनी तिला काय आठवणार? जातं आणा! सिमाक म्हणायचाच, आमची बाई पीठ दळते कमी आणि ऐकते जास्त."

"तुमचं आपलं काहीतरीच, काका," अरवा पुटपुटली. पण दाराशी उभ्या असलेल्या दोघांनी शेजारच्या घरातलं जातं उचलून आणलं. तिने मूठभर जव टाकले, डोळे मिटले आणि खुंटा धरला.

घरघर सुरू झाली आणि ओळ आली. अडखळली नाही, थांबली नाही. लेखनिकाचं बोट माझ्या अक्षरांवरून सरकत होतं. ते आणि तिचा आवाज एकदमच शेवटाला पोचले.

"दुसरी साक्ष मिळाली. लिहून घ्या," तो सोबत्यांना हलकेच म्हणाला.

ओळ कातड्यावर उतरली. मी अरवाला परत मिळालो. नंतर कितीतरी वर्षं ती माझ्यावरून बोट फिरवत बसायची. एक दिवस पाहतो, तर मी कोरा.

आता मी वाळूत पडून आहे. कधी असं कोरं हाड दिसलं, तर पायाने सारू नका. त्यावर कुणी काही लिहिलंच नव्हतं, असंही समजू नका. अक्षरं कुणाच्या तरी बोटांना लागून गेली असतील.