थेंबाथेंबाचा नेम

मी घडले त्याच दिवशी एक नेम धरला होता. पोटातलं औषध कधी एकदम सांडायचं नाही, थेंबाथेंबानंच द्यायचं. देवाला साक्षी ठेवून धरला होता हो.

मी एक पांढरी कांडी बोलतेय. बोटाच्या पेराएवढी, पावासारखी जाळीदार. माझ्या भोकाभोकांत औषधाचे बारीक मणी आहेत आणि मण्यांवर मेणासारखं कवच. अंगच्या उबेत ते सावकाश झिजावं आणि औषध पाझरावं, एवढंच माझं काम.

मला घडवलं प्रयोगशाळेतल्या ताईंनी. चिमट्यात धरून बजावायच्या, "घाई नाही करायची हं, बाई. पोरींना एकदम भरवलंस तर मरतील, आणि उपाशी ठेवलंस तरी मरतील."

शेजारच्या टेबलावरचे भाऊ हसायचे. "ती 'हो' म्हणाली की मला हाक मारा!"

पोरी म्हणजे मूळपेशी. त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. नीट भरवलं तर त्यांचं हाड होतं. या पोरी एका शिंपीणबाईंच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या. गाडीच्या धडकेत बाईंच्या नडगीचा तुकडाच गेला होता. डॉक्टरांनी त्या जागी मला बसवलं आणि पोरी माझ्या अंगाखांद्यावर सोडल्या.

"हाड धरलं तर पाय राहील, नाहीतर काढावा लागेल," ते स्पष्टच म्हणाले. "पाणी लावायचं नाही, शेकायचं नाही."

"शिलाई मशीनचं पायडल मारता येईल ना?" बाईंनी विचारलं.

"आधी उभ्या तर राहा!"

मी नेमानं भरवू लागले. पोरी मला घट्ट बिलगल्या, एकीनं दुसरीला धरलं. कडेला हाडाचे पहिले कण दिसू लागले. वाटलं, देवानं ऐकलं.

घरी शिंपीणबाईंना ठणका असह्य व्हायचा. उशी दातात धरायच्या. त्यांच्या आईला ते बघवेना. एका दुपारी आई गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन आली.

"अगं, शेक नको म्हणालेत ना!"

"पाणी लागेल म्हणूनच ना? ही बघ, कोरडी ठणठणीत आहे. वर टॉवेलही गुंडाळलाय. डॉक्टरांना काय जातंय सांगायला, तुझं कण्हणं मला ऐकावं लागतं."

पिशवी नडगीवर टेकली. नडगीवर मांस ते किती! ऊब सरळ माझ्यापर्यंत आली. मी किती आवरून धरलं म्हणून सांगू? कवचं वितळली आणि सगळं औषध एकाच वेळी वाहून गेलं. पोरी त्यात गुदमरल्या.

वर बाई म्हणत होत्या, "किती बरं वाटतंय गं, आई." मग शेक रोजचाच झाला.

ज्या पोरी उरल्या, त्या माझ्याकडे तोंड करून बसल्या. माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. उपाशी लेकरांसमोर रिकाम्या हातांनी बसणं काय असतं, ते मला विचारा. एकेक करून गेल्या त्या.

आज डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे फोटो उजेडासमोर धरला. "कडेला धरलं होतं, मग थांबलं. शेक दिलात का कुणी?"

आईचे ओठ हलले. तेवढ्यात शिंपीणबाईंनी तिचा हात दाबला. "नाही हो, डॉक्टर. कुणीसुद्धा नाही."

आई खाली बघत राहिली. आपल्या शेकानंच हाड थांबलं, हे तिला कळलं होतं.

उद्या पाय काढणार, त्याबरोबर मीही जाईन. माझ्या एका कडेला अजून एक कण हाड आहे, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान. झालं असतं हो. खरंच झालं असतं.

माझा नेम आता तुम्ही धरा. दुखणाऱ्या माणसाला माया द्याल ती बेतानं, विचारून, रोज थोडी द्या. आणि ती आई कुठे भेटलीच, तर तिला शेकाचं विचारू नका.