एकताच्या तोंडावरचा रुमाल

रनाळ्याच्या लहरीबाईंना नातीचं भारी कौतुक. दहा वर्षांची एकता आठ दिवसांपासून बोलताना तोंडावर रुमाल धरत होती. चातुर्मासाला गावात आलेल्या जैन साध्वी, महासतीजी, तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधतात, त्यांचं बघून पोरगी तसं करतेय, असं लहरीबाईंनी धरलं. साध्वींच्या उताऱ्यावर, स्थानकात, त्यांनी चार बायकांना ऐकवलंही, "आमची एकता वेगळीच निपजली हो."

पोरीनं पर्युषणात हात जोडून नेम घेतला होता. दिवाळीपर्यंत सूर्य मावळला की पाण्याचा थेंब नाही, आणि सकाळी नवकारसी येईतो, म्हणजे सूर्य उगवून पाऊण तास होईतो, साधी चूळसुद्धा नाही. नवकारसी यायची साडेसाताच्या सुमाराला. शाळा भरायची सातला.

एका दुपारी एकताची मैत्रीण प्रतिभा लहरीबाईंच्या दुकानात चहापत्ती न्यायला आली. गुजरांची पोर, जिभेला हाड नाही. लहरीबाईंनी विचारलं, "काय वं, आते शाळामा जाताना हाक मारत नहीस?"

"कशी मारू दादी? तिनं तोंड वास मारस. मी बाकडं बदली टाकं."

"नेम करस ती! नेमले नावं ठेवस का?"

"नेमले नही दादी, तोंडले."

पोर पुडा घेऊन पळाली. लहरीबाई बराच वेळ तिच्यावर धुसफुसत बसल्या. पण रुमाल डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकताला उठवायच्या आधी त्या वाकल्या आणि तिच्या उघड्या तोंडाशी नाक नेलं. खोटं नव्हतं. कालच्या संध्याकाळपासून कोरडं पडलेलं तोंड, दाढेत अडकलेला शेवेचा कण. त्यांनी स्वतः चाळीस वर्षं नवकारसी केली, पण सकाळी सातला त्यांच्या बाजूला बाकावर बसायची पाळी कोणावर आली नव्हती. आणि ही एवढीशी पोर वर्गात एकटी बसत होती, घरी येऊन दादीचं कौतुक गुमान ऐकून घेत होती.

"बेटा," एकता उठल्यावर त्या म्हणाल्या, "मी तुझ्याबरोबर स्थानकात येते. महासतीजींना विचारून नेम सोडू."

एकताचे डोळे भरले. "नाही. मी कबूल केलंय. सोडायचा असता तर मीच सांगितलं नसतं का?"

"मग मला वासाचं का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना सांगत होतीस ना, एकता वेगळी आहे म्हणून."

लहरीबाईंनी तिला जवळ ओढलं. एकतानं तोंड बाजूला वळवलं, तर त्यांनी हनुवटी धरून परत आपल्याकडे केलं. "माझ्यापासून कशाला लपवतेस? माझ्या तोंडाला काय गुलाबाचा वास येतोय?"

एकता रडता रडता हसली.

त्या दिवसापासून संध्याकाळी जेवण झालं, की सूर्य बुडायच्या आत लहरीबाई तिला मोरीवर उभी करू लागल्या. दाढांच्या मागून ब्रश, मग तांब्याच्या पट्टीनं जीभ. "अजून मागं. तिथंच सगळा मळ बसतो." एकताला उबळ यायची, मग दोघी हसायच्या. आणि सकाळी साडेसाताला उकळून गार केलेल्या पाण्याचा लोटा आणि ब्रश घेऊन दादी शाळेच्या नळाशी हजर. वर्गाच्या बाईंनी पाच मिनिटांची सवलत दिली होती.

पहिल्या दिवशी तोंड धुऊन एकतानं दादीच्या नाकापुढे फुंकर मारली. "आता?"

"एक चूळ अजून घे."

चौथ्या दिवशी तिच्यामागोमाग प्रतिभाही वर्गातून बाहेर आली. एकता खळखळून चूळ भरेपर्यंत नुसती बघत उभी राहिली, मग जवळ येऊन नाक पुढे केलं.

"पेस्टना वास येस," ती म्हणाली. "चल लवकर. मन्हा जोडे गणितनं पुस्तक नही शे, तुन्हामा बघसू."

दोघी पळाल्या. लोट्यात दोन घोट पाणी उरलं होतं. लहरीबाई पायरीवर टेकल्या. सकाळपासून त्यांच्याही तोंडात काही गेलं नव्हतं. त्यांनी चूळ भरली आणि उरलेला घोट सावकाश प्याल्या.